हमालांनी काही केलं नाही

"हमालांनी आमचा पियानो पाडला," असा फोन आला की मी एवढंच विचारतो, "पाडला म्हणजे किती उंचीवरून?" पलीकडे जरा वेळ कुणी बोलत नाही. मग हळूहळू कळतं की पडताना कुणीच बघितलेलं नाही. जुन्या घरातून निघाला तेव्हा वाजत होता, नव्या घरात आल्यावर नीट वाजत नाही, म्हणजे वाटेत काहीतरी झालंच असणार, आणि वाटेत तर हमालच होते. एवढ्या पुराव्यावर माणसं पैसे अडवून ठेवतात, सोसायटीच्या वॉचमनला साक्षीला बोलावतात, एकांनी तर पोलिसचौकीत जायची भाषा केली होती. त्या पियानोत बिघाड कसला, तर पेडलची एक लाकडी कांडी जागेवरून निसटली होती. बसवायला मला चहा थंड होण्याइतकाही वेळ लागला नाही.

माझा धंदा पियानो दुरुस्तीचा. मुंबईत हे वाद्य पूर्वीपासून आहे ते पारशांकडे, गोंयकारांकडे, वांद्र्याच्या ईस्ट इंडियन घरांत, चर्चमध्ये, मिशनच्या शाळांत आणि स्टुडिओंत. त्यातले पुष्कळसे शंभरीच्या आसपासचे, जर्मन नाहीतर विलायती, आजोबा-पणजोबांनी बोटीनं मागवलेले. एरवी असा पियानो एकदा भिंतीला लागला की दोन पिढ्या हलत नसे. आता पुनर्विकास आला. इमारत पाडायला निघाली की हे दोन-अडीचशे किलोचं धूड आधी भाड्याच्या जागेत न्यायचं, मग काही वर्षांनी टॉवरमध्ये. म्हणजे एकाच पियानोचे दोनदा हाल आणि मला दोनदा बोलावणं. बिल्डरांच्या कृपेनं चाललेल्या मुंबईतल्या धंद्यांत माझाही एक नंबर लागतो.

फुर्तादोंचं वाद्यांचं दुकान १८६५ पासूनचं. धोबीतलावच्या जेर महालाच्या आसपास वाद्यांचा बाजार, वादक आणि कारागीर यांची ऊठबस कित्येक पिढ्यांची. मला हे काम शिकवलं तेही त्याच भागातल्या एका गोंयकार अंकलनी. कुठल्याही घरात शिरलं की ते आधी पियानोकडे नाही, फरशीकडे बघत. "पयलीं जमीन पळय, मागीर सूर," असं म्हणत आणि खिशातून एक काचेची गोटी काढून फरशीवर सोडत. गोटी जिकडे धावेल तिकडे त्यांची मान वळे. ट्यूनिंगची किल्ली पिशवीत सगळ्यांत खाली ठेवलेली असे, कारण ती सगळ्यांत शेवटी लागायची. घरधन्याला वाटे, हा म्हातारा आला कशाला!

पण त्यात शहाणपण होतं. उभ्या पियानोला, म्हणजे अपराइटला, चार चाकं. जुन्या घरात वर्षानुवर्षं एकाच जागी राहून लाकूड त्या जमिनीच्या उताराला सरावलेलं असतं. नव्या घरात तीनच चाकं टेकली आणि चौथं जेमतेम नखभर वर राहिलं, तरी सगळा सांगाडा किंचित पिळला जातो. मग पुढचं झाकण घासतं, पेडल कुरकुरतं, एखादी पट्टी बाजूच्या पट्टीला चिकटते, काही स्वर जागा सोडतात. दादरच्या एका घरात आंटींनी मला दारातच सांगितलं, "डिकरा, ए लोकोए एने मारी नाख्यो." मी खाली वाकून मागच्या डाव्या चाकाखाली कागद सरकवला. तो आरपार गेला. चाकाखाली प्लायवूडचा पातळ तुकडा सारला, तसं कुरकुरणं थांबलं आणि चिकटलेल्या दोन पट्ट्या मोकळ्या झाल्या. आंटी म्हणाल्या, आता ट्यूनिंग कर. मी म्हटलं, आत्ता नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

आधी हमालांची बाजू मांडू द्या, कारण त्यांची बाजू कुणी मांडत नाही. अपराइटचं सगळं वजन पाठीकडे असतं. आत बिडाची एक अखंड चौकट असते, तिच्यावर सव्वादोनशेच्या आसपास तारा ताणलेल्या, आणि त्या सगळ्यांचा मिळून ओढा अठरा-वीस टनांचा. पुढून बघणाऱ्याला वाटतं, पट्ट्यांच्या बाजूनं कलंडेल. तो कलंडतो मागे. हे ज्याला माहीत नाही तो जिन्यात खालच्या पायरीवर उभा राहतो, आणि तिथं उभं राहणं म्हणजे जिवाशी खेळ. अनुभवी टोळीतला मुकादम आधी पाठीला हात लावून तोल बघतो, पट्टा कुठून घ्यायचा ते ठरवतो, दर्शनी भागाला गोधडी बांधतो, आणि चाकांवर भरवसा ठेवत नाही. पियानोची चाकं जागच्या जागी सरकवण्यापुरती. उंबऱ्यावरून ढकलला की पुढचा नक्षीदार पाय कडाकाच मोडणार.

ग्रँडची तऱ्हा वेगळी. त्याचे तीन पाय आणि पेडलचा सांगाडा, ज्याला आम्ही लायर म्हणतो, हे सगळं सुटं करायचं असतं. झाकण काढायचं, पट्ट्यांना कुलूप घालायचं, लायर उतरवायचं, मग मंद्र स्वरांच्या बाजूचा पुढचा पाय काढून तो कोपरा हळूहळू खाली आणायचा. पियानो त्याच्या लांब, सरळ कुशीवर फळीवर आडवा होतो. उरलेले दोन पाय मग काढायचे. कॉन्सर्ट हॉलमधला पावणेतीन मीटरचा ग्रँड जवळजवळ पाचशे किलोंचा असतो, तोही असाच कुशीवर झोपून प्रवास करतो. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, पण ठरलेल्या क्रमानं केलं तर धोका थोडा. घोटाळा होतो तो पुन्हा जोडताना.

दक्षिण मुंबईतल्या एका टॉवरमध्ये असाच ग्रँड नेला होता. पॅकर्सची माणसं गणवेशातली, हातमोजे घातलेली, प्रत्येक तुकड्याला बबलरॅप. मालकांचा फोन आला, "एक स्वर वाजवला की सगळे स्वर घुमतात, सूर थांबतच नाही." लक्षणावरून रोग कळत होता: डॅम्पर तारांवर बसत नाहीत. तारेवर बसून तिला गप्प करणारा फेल्टचा जो बोटभर गादीवजा तुकडा असतो, तो डॅम्पर. उजवं पेडल दाबलं की ते सगळे एकदम उचलले जातात. इथं पेडल न दाबताच उचललेले होते. मालकांनी इंटरनेटवर वाचून डॅम्परचा पूर्ण संच बदलायचा अंदाजखर्चही काढला होता.

मी पियानोखाली आडवा झालो. लायरमधून तीन पितळी सळ्या वर जातात, दर पेडलला एक. तिन्ही दिसायला जुळ्या, पण लांबी सारखी नसते. टोकाची चाकी फिरवून प्रत्येकीची लांबी आपापल्या जागेला जुळवलेली असते. पॅकर्सनी तिन्ही काढून एकाच पिशवीत टाकल्या आणि जोडताना डावी उजवीकडे बसवली. ती दोन-तीन मिलिमीटर लांब. तेवढ्यानं पेडल कायमचं थोडं दाबलेलं राहिलं आणि अख्खा पियानो घुमायला लागला. सळ्यांची अदलाबदल केली, खेळ संपला. मालकांनी फीचा आकडा ऐकून विचारलं, "इतक्या छोट्या कामाचे?" हा प्रश्न टॉवरमध्येच विचारतात, चाळीत कधी कुणी विचारलेला नाही.

जोडण्यातल्या गोंधळाचा कळस मात्र सिनेमाच्या सेटवरचा. पडद्यावर नायक पियानो वाजवतो, पण त्याची बोटं कुठेही पडली तरी चालतात. आवाज आधीच ध्वनिमुद्रित झालेला असतो. एका चित्रीकरणासाठी भाड्यानं गेलेला जुना अपराइट गोरेगावहून परत आला तो दोन भागांत. सेटवर हलवायला जड जातो म्हणून कुणा हुशार माणसानं आतलं यंत्रच काढून ठेवलं होतं. ट्रॉलीवर पियानो हलका झाला, नायिका त्याच्याभोवती गिरकी घेऊ शकली, सगळे खूश. अठ्ठ्याऐंशी पट्ट्या एका पोत्यात भरून आल्या. नशीब एवढंच की प्रत्येक पट्टीच्या लाकडावर तिचा नंबर ठोकलेला असतो, आणि प्रत्येकीचा आकार आणि तिरकस काप तिच्याच जागेसाठी असतो, दुसऱ्या जागी ती नीट बसत नाही. जमिनीवर चादर पसरून मी आणि माझा मदतनीस त्या पट्ट्या लावत बसलो होतो. निर्मितीखात्याचा माणूस दोनदा येऊन विचारून गेला, "बस, इतकंच ना?"

खरंच पडलेला पियानो कसा असतो, हे ज्यांना पाहायचं त्यांनी ग्लेन गूल्डच्या पियानोची गोष्ट वाचावी. कॅनडाचा हा वादक आपल्या स्टाइनवेवर, सीडी ३१८ या क्रमांकाच्या ग्रँडवर, जीव टाकत असे. पट्ट्या किती हलक्या हव्यात, दाबल्यावर किती चटकन उठाव्यात, याबद्दल त्याचा हट्ट टोकाचा, आणि तो पुरवणारा ट्यूनर होता व्हर्न एडक्विस्ट, ज्याची नजर जवळजवळ गेलेली होती. १९७१ मध्ये ने-आण करताना तो पियानो कुठेतरी जोरात आपटला. बिडाची चौकट तडकली. चौकट बदलली, पियानो जोडला, कारखान्यात काम झालं, एडक्विस्टनं पुढे वर्षानुवर्षं खपून पाहिलं. पण गूल्डच्या बोटांना जो पियानो आठवत होता, तो परत आला नाही. १९८१ मध्ये त्यानं बाखची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स दुसऱ्यांदा ध्वनिमुद्रित केली ती यामाहावर.

पियानोवादक अँजेला ह्युइट यांचा चार पेडलचा फाझिओली २०२० च्या सुरुवातीला बर्लिनमध्ये असाच गेला. ध्वनिमुद्रण संपलं होतं, पियानो बाहेर काढताना हमालांच्या हातून सुटला आणि बिडाची चौकट मोडली. कारखान्याचे मालक पावलो फाझिओली यांनी स्वतः तपासून सांगितलं, आता दुरुस्ती नाही.

बिडाला तडा गेला की तुम्ही कितीही सूर लावा, दोन दिवसांत तो घसरतो, आणि काही ठिकाणी बोटानं ठोकलं तर बद्द आवाज येतो. मुंबईत असा तडकलेला पियानो माझ्या वाट्याला क्वचितच आला. आला तेव्हा घरच्यांना काही विचारावं लागलं नाही. आवाज शेजाऱ्यांनीही ऐकलेला होता. म्हणून म्हणतो, "पाडला असेल बहुतेक" असं ज्याच्याबद्दल म्हणावं लागतं, तो पियानो पडलेला नसतो.

मग पट्ट्या का अडकतात? अडकलेल्या पट्टीचा तपास करायची एक साधी रीत आहे, ती घरच्या घरी करता येते. पट्टी दाबा, सोडा आणि बघा. पट्टीच खाली राहिली, तर दोष पट्टीत: तिच्या भोकातलं फेल्ट फुगलं असेल, नाहीतर बाजूला काही अडकलं असेल. पट्टी वर आली पण स्वर पुन्हा वाजत नाही, तर वरचं झाकण उघडून बघा. त्या स्वराच्या तारेवर आपटणारा हॅमर तिच्याकडे झुकून तसाच उभा दिसेल. मग दोष त्याच्या बिजागरीत. हॅमर ज्या बारीक पितळी पिनेवर फिरतो, तिच्याभोवती फेल्टचं अस्तर असतं आणि ते दमट हवेत फुगून पिनेला आवळतं. आम्ही अल्कोहोल-पाण्याचा एखादा थेंब सोडून अस्तर बसवतो, नाहीच ऐकलं तर भोक किंचित मोठं करून पिन नव्यानं घालतो. कुणी हौशी माणूस इथं शिलाई मशीनचं तेल सोडतो. मग त्या घरी माझी फेरी दर पावसाळ्यात ठरलेली.

पण अडकलेल्या पट्ट्यांचा माझा आवडता किस्सा लग्नपत्रिकेचा आहे. शिवाजी पार्कला एका मराठी कुटुंबाकडे बेबी ग्रँड आला. आजोबा परदेशी नोकरीत होते तेव्हाचा. पुण्याहून टेम्पोनं सुखरूप आला, उतरवताना मी स्वतः हजर होतो, सगळ्या पट्ट्या मोकळ्या होत्या. आठवड्यानं फोन: मधल्या दहा-बारा पट्ट्या खाली जातात त्या वर येत नाहीत. गेलो. घरात एक इंजिनिअर भाचा होता. त्यानं "धूळ साफ करायला" म्हणून पट्ट्यांच्या पुढची लांब पट्टी, की-स्लिप, स्क्रू काढून उघडली होती. "आत काय कचरा होता काका," तो उत्साहानं सांगत होता, "कुणीतरी लग्नपत्रिकांचे तुकडे कोंबून ठेवले होते. सगळे काढले."

ते तुकडे कचरा नव्हतेच. की-स्लिपचं लाकूड वयोमानानं आत वाकतं आणि पट्ट्यांच्या तोंडाला घासतं. त्यावर जगभरचे ट्यूनर एकच उपाय करतात: मागे जाड कागदाचे चौकोनी तुकडे ठेवून ती केसभर पुढे ढकलायची. माझ्या आधीच्या कुणा पुणेकर कारागिरानं हाताशी होती ती पत्रिका कापली होती. केराच्या बादलीतून तुकडे शोधले तर निम्मेच मिळाले. त्यांतल्या एकावर "आपले आगमन प्रार्थनीय" एवढं शाबूत होतं. उरलेल्यांसाठी भाच्याच्याच मुंजीची पत्रिका आजींनी कपाटातून काढून दिली. आणि भाच्याला मी तिथंच तंबी दिली की पुढचं यंत्र बाहेर ओढायचं नाही. ओढताना एखादी पट्टी चुकून दाबली गेली तर तिचा हॅमर उचलला जातो, वरच्या लाकडाला अडकतो आणि त्याचं डोकं मोडून हातात येतं. त्यानं लगेच हात मागे घेतले. माझी खात्री आहे, विचार त्याच्या मनात येऊन गेला होता.

आता ट्यूनिंगचं. नव्या घरी पियानो पोहोचला की लोकांना त्याच दिवशी ट्यूनर हवा असतो. वास्तुशांत शनिवारी, पाहुणे येणार, मुलगी वाजवणार. मी दोन-तीन आठवडे थांबा म्हणतो आणि माझं नाव खराब होतं.

कारण असं, की ने-आण करताना बसलेल्या धक्क्यांनी सूर फारसा जात नाही. तारा ज्या खुंट्यांना गुंडाळलेल्या असतात त्या लाकडात इतक्या घट्ट बसवलेल्या असतात की टेम्पोच्या हादऱ्यानं त्या फिरत नाहीत. सूर बिघडवते ती हवा. तारांखाली स्प्रूसच्या लाकडाचा मोठा पातळ फळा असतो, साउंडबोर्ड. तो सपाट नसतो, मध्ये किंचित फुगीर असतो. हवा दमट झाली की लाकूड पाणी पितं, फुगीरपणा वाढतो, तारा वर ढकलल्या जाऊन ताणल्या जातात आणि सूर चढतो. हवा कोरडी झाली की फळा बसतो, सूर उतरतो. आणि हा बदल सगळीकडे सारखा नसतो. मधल्या सप्तकात जास्त, टोकांना कमी. म्हणून पियानो नुसता उतरत नाही, वेडावाकडा होतो.

खोताच्या वाडीतल्या घराचा विचार करा. उघड्या खिडक्या, समुद्र जवळ, जुलैत भिंतींना ओल. तिथं दोन पिढ्या राहिलेला पियानो टॉवरच्या वातानुकूलित दिवाणखान्यात आणून ठेवला, म्हणजे त्याचं पाणीच तोडलं. लाकूड आठवडेच्या आठवडे सुकत राहणार. पहिल्या दिवशी ४४० हर्ट्झला लावलेला सूर महिन्यानं खाली गेलेला असणार, आणि लोक म्हणणार, ट्यूनर कच्चा. त्यात एसी दिवसभर बंद, संध्याकाळी आठला चालू, अकराला बंद. पियानोला कोरडी हवा परवडते, दमटही परवडते, ही रोजची ओढाताण परवडत नाही.

शनिवारच्या वास्तुशांतीवर मी एक मधला मार्ग काढला आहे. त्या दिवसापुरता कामचलाऊ सूर लावून देतो, कानाला खटकणारे स्वर तेवढे सावरतो, आणि खरं ट्यूनिंग नंतर. दोन्हीचे पैसे वेगळे सांगितले की निम्मे यजमान मुलीला कीबोर्डवर वाजवायला लावतात.

नाही म्हणण्याचं धाडस ट्यूनरकडे हवं, हे मी कोलोनच्या एका गोष्टीतून उचललं आहे. २४ जानेवारी १९७५ ला तिथल्या ऑपेरा हाउसमध्ये पियानोवादक कीथ जॅरेटचा कार्यक्रम होता. त्यानं मोठा बोझेनडॉर्फर इम्पीरियल मागितला होता. मंचावर आणून ठेवला होता सरावाचा छोटा ग्रँड, बेसूर, वरच्या पट्टीत पत्र्यासारखा आवाज, पेडल धड चालत नाही. आयोजक वेरा ब्रांडेस वयानं पोरगेलीच. दुसरा पियानो आणायची खटपट सुरू झाली तेव्हा ट्यूनरनं बजावलं, बाहेर पाऊस आणि थंडी, योग्य सामान नाही, अशात ग्रँड नेला तर त्याचं कायमचं नुकसान होईल. मग जो होता त्याच पियानोवर काही तास काम करून तो वाजवण्यापुरता उभा केला. त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण एकल पियानोच्या सगळ्यांत जास्त खपलेल्या तबकड्यांपैकी एक. जॅरेट वरची पट्टी टाळून मधल्या आणि खालच्या भागात घुमत राहिला, त्यात त्या पियानोच्या दुखण्याचाही वाटा होता. वरच्या पट्टीत काय बिघाड होता ते मला फार वर्षं जाणून घ्यायचं आहे, पण त्या ट्यूनरची मुलाखत कुणी घेत नाही.

दमट हवेवर जुन्या मुंबईकरांचा उपाय होता पियानोच्या पोटात कमी वॉटचा बल्ब लावून ठेवायचा. पावसाळ्यात रात्रंदिवस. अजूनही काही घरांत खालचं फळकूट उघडलं की आत होल्डर सापडतो. आता त्यासाठी खास हीटरच्या कांड्या मिळतात आणि त्याच बऱ्या. उघड्या बल्बाशेजारी सुकं लाकूड, लोकर आणि उंदरानं आणलेला कापूस एकत्र बघितला की माझ्या अंगावर काटा येतो. उंदीर म्हणाल तर तोही घर बदलताना पियानोतूनच नव्या घरी जातो. डांबरगोळ्या पट्ट्यांवर टाकू नका, कापडात बांधून खाली ठेवा.

आवाजाच्या भुतांचं आणखी वेगळं. "एक स्वर वाजवला की झिणझिण असा आवाज येतो, साउंडबोर्ड फाटला का?" हा दुसरा ठरलेला प्रश्न. साउंडबोर्डला भेग पडूनही पियानो छान वाजू शकतो, हे कुणाला पटत नाही. मी एका हातानं तो स्वर वाजवत राहतो आणि दुसऱ्या हातानं एकेक वस्तू दाबून धरतो: झाकणाच्या बिजागरीची पिन, कुलपाची पितळी चकती, नोटेशनचं स्टँड, पियानोवरचे फोटो. चेंबूरच्या एका घरी हे सगळं करून झालं, फोटो खाली काढले, झाकण उतरवलं, तरी झिणझिण चालूच. मग गृहस्थांना म्हटलं, तुम्ही हा स्वर वाजवत राहा, मी घरात फिरतो. त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. आवाज बाल्कनीच्या सरकत्या खिडकीतून येत होता. ॲल्युमिनिअमच्या खोबणीत काच सैल होती आणि त्या एकाच स्वराला थरथरत होती. त्यांच्या जुन्या घरी खिडक्या सागवानी होत्या, त्यामुळे तिथं हा प्रश्न उद्भवला नाही. मी रबरी पट्टी घालायला सांगितली. खिडकीवाल्यानं माझ्यापेक्षा जास्त पैसे घेतले.

राहिला मुकादमाचा किस्सा. पाटण तालुक्यातला माणूस, बाप माथाडी, हाही त्याच कामात. लालबागहून एक जुना जर्मन अपराइट तीन मजले उतरवून परळला चढवायचा होता. लिफ्टमध्ये बसला नाही, जिन्यानं नेला. पोचल्यावर मंद्र सप्तकातल्या चार पट्ट्या दगडासारख्या, हलेनात. यजमान तावातावानं मुकादमाला बोलत होते, पैसे देणार नाही म्हणत होते. तो शांत उभा होता. मी पोचल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, "सायेब, आपटला न्हाई. पन दुसऱ्या वळणावं कलता केला तवा आतनं कायतरी गडगडलं बगा. उजवीकडनं डावीकडं ग्येलं आन् थितंच थांबलं. लोकंडाचं न्हाई वाटलं."

इतकी नेमकी केस-हिस्टरी मला कुठल्याही मालकानं कधी दिलेली नाही. डावीकडच्या पट्ट्या उचलून काढल्या. खाली, पट्ट्या ज्या दांड्यावर टेकतात त्याला अडकून बसलेली लाकडी पट्टी निघाली, शाळकरी सहा इंची, आणि तिच्याआड पेन्सिलचे बुडखे, केसांच्या पिना, चार आण्याची नाणी, लुडोची एक सोंगटी. पियानो उभा होता तोवर हा ऐवज मागच्या खाचेत निवांत पडून होता; जिन्यात कलता झाल्यावर सगळा एका कोपऱ्यात आला. यजमानांच्या आईनं ती पट्टी ओळखली. थोरल्या मुलाची. ती हरवली म्हणून धाकट्यानं मार खाल्ला होता, आणि धाकटा म्हणजेच हे यजमान. ते पैसे मोजायला आत गेले.

तेव्हापासून पियानो हलवायचा असेल तर मी त्याच मुकादमाचं नाव सुचवतो, आणि माल पोचला की मालकाच्या आधी त्याला फोन करून विचारतो, काय ऐकलंस. तो मजला, वळण, बाजू सगळं सांगतो. हल्ली या माहितीचे तो वेगळे दोनशे रुपये लावतो. मी ते माझ्या बिलात "तपासणी" म्हणून दाखवतो.